नेरुळच्या ताईंचा प्रश्न: रोज नवं अ‍ॅप येतंय, यातलं टिकणारं कुठलं?

नेरुळच्या एका ताईंनी विचारलंय. त्या आठ वर्षं घरून उकडीचे मोदक, पुरणपोळ्या, भाजणी, मेतकूट विकतात, गिऱ्हाईक बरंचसं सोसायटीतलं नाहीतर ओळखीतून आलेलं. आता मुलगा म्हणतो रील्स टाक, भाचा म्हणतो दहा मिनिटांत डिलिव्हरी देणाऱ्या अ‍ॅपवर माल दे, मैत्रीण म्हणते व्हॉट्सअ‍ॅपवर एआय बॉट बसव म्हणजे रात्री अकरा वाजता उत्तरं द्यायला नकोत. आणि त्यांना स्वतःला वाटतंय की आपण मागे पडलोय. यातलं टिकणारं काय, एवढंच त्यांना विचारायचंय.

ताई, मी २००६ पासून ठाण्यात नौपाड्यात हेच काम करते. छोट्या धंद्यांच्या वेबसाइट, गुगलवरची नोंद, फोटो, ऑनलाइन ऑर्डरीची सोय, आणि काही बंद पडलं की रात्री येणारे फोन. त्यामुळे जरा लांबण लागेल, पण प्रश्न मनापासून विचारलाय तर उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी ते मागे पडण्याचं डोक्यातून काढा. आठ वर्षं तेच गिऱ्हाईक परत येतंय म्हणजे जे ऑनलाइन सगळ्यात अवघड असतं ते तुमच्याकडे आधीच आहे. आपण पुढे जे ठरवू ते हे सांभाळून वाढवण्यासाठी, आणि त्याला धक्का लागेल असं काही करायचं नाही एवढं धरून चालू.

आता टिकण्याबद्दल. मी हे काम सुरू केलं तेव्हा ऑर्कुट जोरात होतं, ज्याला त्याला तिथे कम्युनिटी काढून हवी असायची, ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. याहू मेसेंजर जुलै २०१८ ला गेलं. टिकटॉकवर छान जम बसलेले कितीतरी लोक होते, २९ जून २०२० ला सरकारने एकूण ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली आणि एका रात्रीत सगळं थांबलं, मग आठ-दहा दिवसांतच भारतात इन्स्टाग्रामचे रील्स सुरू झाले आणि माणसं तिकडे गेली, पण फॉलोअर्स काही उचलून नेता आले नाहीत, शून्यापासून सुरुवात. मे २०२१ मध्ये क्लबहाउस हे नुसत्या आवाजाने गप्पा मारायचं अ‍ॅप अँड्रॉइडवर आलं तेव्हा दोन महिने रोज रात्री कुणी ना कुणी मला रूममध्ये बोलवायचं, दिवाळीपर्यंत कुणी नावही काढेना. कू हे आपल्या भाषांमधून लिहायचं अ‍ॅप, मला स्वतःला फार आवडलेलं, तेही जुलै २०२४ ला बंद झालं. आणि छोट्या दुकानदारांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, ज्याची बातमी फारशी झालीच नाही, ते म्हणजे गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट बनवता येणाऱ्या एक पानी वेबसाइट, त्या मार्च २०२४ मध्ये गुगलने बंद केल्या. बऱ्याच जणांच्या व्हिजिटिंग कार्डावर तोच पत्ता छापलेला होता.

म्हणजे कंपनी मोठी आहे म्हणून सेवा टिकेल असं नसतं, आणि लोक खूप वापरतायत म्हणून टिकेल असंही नसतं.

मग टिकतं काय, तर यूपीआय बघा. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालं तेव्हा कुणी विचारलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, स्वस्त डेटा हातात आला, नोव्हेंबरमध्ये नोटबंदी झाली, डिसेंबर अखेरीला भीम अ‍ॅप आलं, आणि तरी मला आठवतंय की पुढची दोन-तीन वर्षं ठाण्याच्या मार्केटात भाजीवाल्या मावशी "सुट्टे द्या" हेच म्हणत होत्या. ते पक्कं बसलं ते दोन कारणांनी. एक, दुकानदाराला त्याचे पैसे पडत नाहीत, जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही असा नियमच झाला. दुसरं, कुठल्याही कंपनीच्या क्यूआरवर कुठल्याही अ‍ॅपने पैसे देता येतात, गिऱ्हाईकाला "तुझ्याकडे अमुक अ‍ॅप आहे का" असं विचारावं लागत नाही. वर सुट्ट्यांची रोजची कटकट मिटली. काम तेच, फक्त एक अडचण कमी, आणि समोरच्याला नवीन काही शिकायला नको. अशी गोष्ट रुजते. अरट्टाई या व्हॉट्सअ‍ॅपसारख्या भारतीय अ‍ॅपचं उलट झालं, २०२५ च्या सप्टेंबरात ते सगळ्यांनी उतरवून घेतलं, माझ्याही फोनवर आहे, अ‍ॅप चांगलं आहे, पण आपली मावशी, दूधवाला, सोसायटीचा ग्रुप सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरच राहिले, मग बोलणार कुणाशी? कुठलीही नवी सेवा आली की मी हेच बघते, माझं गिऱ्हाईक तिथे आपणहून आहे का, आणि त्याचं काही काम त्यामुळे खरंच सोपं होतंय का.

आणि याहून महत्त्वाचा एक प्रश्न आहे जो मी २०१९ पासून प्रत्येक नव्या क्लायंटला विचारते. हे उद्या बंद झालं तर तुमच्या हातात काय उरेल?

२०१९ च का, ते सांगते. पाचपाखाडीत एक काकू दिवाळीचा फराळ करतात, त्यांचं सोशल मीडियाचं पान मीच उभं केलं होतं, अकरा हजार फॉलोअर्स, फोटो सुंदर, कमेंटमध्येच ऑर्डरी यायच्या. दिवाळीला बारा दिवस राहिले आणि त्यांच्या मुलीच्या फोनवर मेसेज आला की तुमच्या पानावर कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत इथे लॉगिन करून उत्तर द्या नाहीतर पान काढून टाकू. तिने घाबरून लॉगिन केलं, तो फसवणुकीचा मेसेज होता, आणि अर्ध्या तासात पान दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात. मी तीन दिवस तक्रारी करत बसले, फॉर्म भरले, ओळखपत्रं पाठवली, उलट उत्तर यायचं ते सगळं ठरावीक साच्यातलं. मला रडू यायचं बाकी होतं कारण काकूंनी शंभर किलो बेसन भरून ठेवलेलं.

काकू शांत होत्या. त्यांनी फडताळातून एक लाल कापडी पुठ्ठ्याची जाड वही काढली. मी ती तोवर पाहिलीच नव्हती. प्रत्येक पानावर एक घर. नाव, इमारत, विंग, फ्लॅट नंबर, फोन, आणि खाली पेनाने बारीक अक्षरात: "चकली तिखट कमी", "सासरे मधुमेही, शंकरपाळे बिनसाखरेचे विचारणे", "अनारसे फक्त पाडव्याला", "मुलगी न्यू जर्सीला, पार्सल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात". चौदा वर्षांची वही. आम्ही दोघी आणि त्यांची मुलगी अशा तिघी फोन घेऊन बसलो, वही वाचून एकेका घरी मेसेज टाकला, "काकू, यंदा चकली कमी तिखटच ना?" असा. त्या एका ओळीला जी उत्तरं आली ती अकरा हजार फॉलोअर्सच्या पानावर मी कधी पाहिली नव्हती. बेसन पुरलं नाही, परत आणावं लागलं.

त्या दिवशी माझं काम करण्याचं डोकंच बदललं. तोवर मी फॉलोअर्स मोजायचे, आता आधी विचारते वही कुठे आहे.

तर ताई, तुमच्यासाठी पहिलं काम हे. आठ वर्षांची गिऱ्हाईकं नीट लिहून काढा. कागदी वही चालेल, गुगल शीट चालेल, दोन्ही असेल तर उत्तम, फक्त ती एका फोनमधल्या चॅटमध्ये विखुरलेली नकोत. व्हॉट्सअ‍ॅपचं साधं अ‍ॅप वापरत असाल तर बिझनेसवालं घ्या, ते जानेवारी २०१८ पासून आहे आणि फुकट आहे, त्यात गिऱ्हाईकांना लेबलं लावता येतात, "मोदक", "पुरणपोळी", "परदेशी पार्सल" अशी, मालाचा कॅटलॉग करता येतो. ब्रॉडकास्ट लिस्ट करा पण एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते, एका लिस्टीत २५६ नंबर बसतात आणि तुमचा मेसेज फक्त त्यालाच पोचतो ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. म्हणून प्रत्येक डब्याबरोबर छोटी चिठ्ठी द्या, "हा नंबर सेव्ह करून ठेवा, संकष्टीच्या आधी मोदकांचा मेसेज येईल". एवढ्या एका चिठ्ठीने फार फरक पडतो. नवीन ग्रुप मात्र काढू नका, लोक ग्रुपांना कंटाळलेत आणि त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, ते बरं नाही.

आता मुलाचं रील्सचं म्हणणं. चुकीचं नाही. रील ही जत्रेतली हाक आहे, अनोळखी माणूस वळून बघतो, त्यासाठी ती जरूर करा, आठवड्याला एक पुरे. पण बघणारा पुण्यातला असेल तर तुमच्या गरम मोदकाचा त्याला उपयोग नाही, तेव्हा किती जणांनी बघितलं याच्या मागे लागू नका, रील बघून नेरुळ, सीवूड्स, बेलापूर भागातून किती मेसेज आले ते मोजा आणि आलेलं प्रत्येक नाव वहीत घ्या. रील दोन दिवसांत खाली जाते, नाव राहतं. कळी पाडतानाचा हात दाखवा, चेहरा नाही दाखवायचा तर नका दाखवू, आवाज तुमचाच ठेवा.

इथे एआयच्या फोटोंचं सांगायलाच हवं. २०२५ मध्ये मार्चला घिबली चित्रांची लाट आली, सप्टेंबरात साडीतल्या फोटोंची, तिथवर ती मजा होती आणि मीही केले. पण त्यानंतर खाण्याच्या पदार्थांचे फोटोही लोक एआयने करायला लागले. माझ्याच एका क्लायंटने मोदकाचा केला. केळीचं पान, वर केशराची काडी, सगळं झकास, आणि एकवीस मोदकांच्या एकवीस सारख्या कळ्या, एक रेघ इकडची तिकडे नाही. पहिलाच प्रश्न आला, "साच्यातले आहेत का?" दुसऱ्या बाईंनी तर लिहिलं, हाताच्या मोदकाचे पैसे घेता आणि साच्याचे देता का. आणि माझ्या या क्लायंट ताई पहाटे चारला उठून हाताने करतात हो! ज्या बायका आयुष्यभर मोदक वळत आल्यात त्यांना तो फोटो खोटा आहे हे एका नजरेत कळतं, त्यांना एआय माहीत असो नसो. आम्ही तो एआयचा फोटो काढून टाकला, खिडकीपाशी ताट ठेवून फोनने फोटो काढला, एक मोदक जरा कलंडलेला, एकाची कळी थोडी चिरलेली, वाफेने काचेवर धुकं. तोच आजपर्यंत चालतोय.

बॉटचंही तसंच. रात्री अकराला उत्तरं देऊन दमायला होतं हे मला पूर्ण मान्य आहे, पण त्याला बॉट हा उपाय नाही. खारघरच्या एका ओळखीच्या घरगुती उद्योगात कुणीतरी बॉट बसवून दिला, दिवसभर छान चालला, आणि एकादशीच्या आदल्या रात्री एका आजींनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून विचारलं, भाजणी उपवासाला चालेल का. बॉट म्हणाला हो चालेल. त्यांच्याकडे भाजणी थालीपिठाची, गहू-ज्वारी-हरभरा डाळीची! उपवासाची भाजणी वेगळी, राजगिरा-साबुदाणा-वरीची, ती त्या करतच नाहीत. आजींनी सकाळी थालीपीठ लावलं, खाल्लं, मग सुनेच्या लक्षात आलं. आजींना किती वाईट वाटलं असेल, आणि त्या घरात तो ब्रँड पुन्हा गेला नाही. जिथे उपवास, अ‍ॅलर्जी, मधुमेह, लहान मुलाचं खाणं येतं तिथे उत्तर तुमचंच पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्येच अवे मेसेज लावायची सोय आहे, "रात्री नऊनंतरच्या मेसेजला सकाळी आठला उत्तर देते, मोदकाची ऑर्डर एक दिवस आधी लागते", हे लावा आणि झोपा. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये लिहून ठेवा, एका टॅपमध्ये जातात. एआय वापरायचंच असेल तर महिन्याचा हिशेब लावायला वापरा, कॅटलॉगचा मजकूर इंग्रजीत हवा असेल तर करून घ्या आणि एकदा वाचून बघा. तिथे ते खरंच कामाचं आहे, मी रोज वापरते.

भाच्याला सांगा दहा मिनिटांचा विचार मोदकासाठी होणार नाही. त्या अ‍ॅपचा धंदा चालतो तो आसपासच्या डार्क स्टोअरवर, म्हणजे रस्त्यावर पाटी नसलेलं गोदाम, मांडणीवर बारकोड लावलेली पाकिटं आणि आत पळणारी पोरं. तिथे माल आधी जाऊन पडतो, त्यामुळे टिकणारा लागतो, प्रत्येक पाकिटावर एमआरपी, तारीख, वजन, घटक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, एफएसएसएआयचा म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचा नंबर, सगळं छापील. पुरवठा ठरल्या तारखेला ठरलेल्या नगांचा, पैसे नंतर, त्यांचा हिस्सा कापून. मेतकूट आणि भाजणी त्यात बसू शकते, पण मदतीला दोन-तीन बायका आणि दळणाची पक्की सोय झाली की. घाईने उतरलात आणि सणात पुरवठा चुकला तर सोसायटीतलं गिऱ्हाईकही दुखावेल. एफएसएसएआयची नोंदणी मात्र अ‍ॅप असो नसो, झालेली नसेल तर या आठवड्यात करा.

जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅप्सचं एक लक्षात ठेवा, तिथून आलेल्या ऑर्डरीत गिऱ्हाईकाचा नंबर साधारणपणे आपल्याला मिळत नाही. दोन वर्षं तुमच्याच पुरणपोळ्या खाणारं घर तुमच्या वहीत कधी येणारच नाही. रिकामे दिवस भरायला ती अ‍ॅप्स ठीक आहेत, सगळा धंदा त्यांच्यावर नको. जवळपास पोचवायला पार्सल नेणाऱ्या बाइकसेवा घ्या, नवी मुंबईत ते सोपं पण जातं कारण सेक्टर आणि प्लॉट नंबर सांगितला की झालं, आमच्या ठाण्यात अजून "तलावपाळीवरून आत, दत्ताच्या देवळासमोर" असं फोनवर समजवावं लागतं.

ज्यावर तुम्ही आज नाही आणि असायलाच हवं, ते गुगल मॅप्स. घरून धंदा करणाऱ्या बायका घाबरतात की घरचा पत्ता जगाला दिसेल. नाही दिसणार, नोंद करताना पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात सेवा देता एवढं दाखवता येतं. खात्री करायला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात, स्वयंपाकघर, भांडी, पाकिटं, नावाचं लेबल असं सलग दाखवायचं. आणि माहिती लिहा, फोटोवर छापू नका. "उकडीचे मोदक, आंबेमोहोर तांदळाची पिठी, ओलं खोबरं आणि गूळ, हाताने वळलेले, एक दिवस आधी ऑर्डर, नेरुळ, सीवूड्स, बेलापूर, जुईनगर" हे साध्या मराठीत आणि इंग्रजीत. आता लोक बोलून शोधतात, चॅटजीपीटीला विचारतात, गुगलही वरती स्वतःच उत्तर तयार करून देतं, आणि ही सगळी यंत्रं लिहिलेला मजकूर सगळ्यात सोपेपणाने वाचतात. दहा रील्स असतील पण कुठेच लिहिलेलं नसेल तर तुम्ही नेरुळला आहात हे त्यांना कळणार कुठून? रिव्ह्यू मागा, पण खऱ्या गिऱ्हाईकाकडूनच, विकत मिळतात ते घेऊ नका.

जमलं तर स्वतःच्या नावाचं एक डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्या, डॉट इन, वर्षाला काही शे रुपये. आज त्यावर एकच पान ठेवा. उद्या व्हॉट्सअ‍ॅपऐवजी दुसरं काही आलं तरी डब्याच्या लेबलवरचा पत्ता तोच राहील, तो कुठे न्यायचा ते तुम्ही ठरवाल. मी कधी ट्रेनने ठाण्याहून वाशीला जाते तेव्हा ऐरोली-रबाळेच्या बाजूला त्या खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती दिसतात, एकेकाळी केमिकल कंपन्यांचा हा पट्टा, आता डेटा सेंटर्स. आपण क्लाऊड म्हणतो ते शेवटी असं कुणाच्या तरी प्लॉटवर, कुणाच्या तरी जनरेटरवर चाललेलं असतं. आपली गिऱ्हाईकांची यादी त्यात ठेवावी, मी पण ठेवते, पण एक प्रत घरात हवीच.

पैशांचं एक. मोठी ऑर्डर देतो, अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. नुसता स्क्रीनशॉट बघून डबा देऊ नका, साउंडबॉक्स बोलला किंवा बँकेत जमा दिसले की मगच. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

आणि शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाही पण मी आधी तेच तपासते. तुमचा धंद्याचा नंबर कुणाच्या नावावर आहे? बऱ्याच घरांत तो मुलाच्या जुन्या सिमचा असतो, मुलगा बाहेरगावी जातो, रिचार्ज राहतो, नंबर बंद होतो आणि काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणाला दिला जातो, मग आठ वर्षांचं गिऱ्हाईक त्या अनोळखी माणसाला मोदकांसाठी मेसेज करतं. सिम स्वतःच्या नावावर करून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा, खाली तुमचा ईमेल द्या, आणि रिचार्ज संपायची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पिन मात्र वहीत नको, वही चार जणींच्या हातात जाते.